कल्याण गर्जे इथं राहत न्हाई

कल्याणचा फोन आला तेव्हा कडूबाई साठवणीच्या चाळीतला कांदा निवडत होती आणि शेजारच्या वावरात ट्रॅक्टर रोटाव्हेटर मारत होता. एका कानात बोट घालून तिने दुसऱ्या कानाला मोबाईल लावला. कॅनडातून येणारा आवाज आधीच तुटत तुटत यायचा, त्यात हा घरघराट. तिच्या पदरात पडलं ते एवढंच, की पोलिस चौकशीला येणार आहेत, आण्णांना सांगून ठेव आणि चांगलं सांगा. कशाची चौकशी, ते तो पुढे बोलतच होता, पण फोन कटला. तिने मोबाईल पदराला पुसून ठेवून दिला आणि पुन्हा कांद्याला बसली.

दुपारी जेवताना तिने नवऱ्याला निरोप दिला.

“पोलिस येनार हायेत म्हनला, कल्यानच्या चौकशीला. चांगलं सांगा म्हनला.”

आसाराम गर्जेच्या हातातला भाकरीचा तुकडा कालवणात बुडाला आणि तिथेच राहिला.

कल्याण हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सुप्याच्या एमआयडीसीत सहा वर्षं वेल्डर होता, तोही कंत्राटावर. मग वर्क परमिट मिळवून कॅनडात गेला. तिथल्या सस्कॅचेवान नावाच्या प्रांतात मालवाहू ट्रेलर बनवायच्या कारखान्यात त्याला चार वर्षं झाली होती. सस्कॅचेवान कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून वस्तीने त्याचं सासकेवाडी करून टाकलं होतं. हल्ली तो फोनवर सारखं ‘पर्मनंट’ व्हायचं म्हणायचा. आसारामला वाटायचं, सुप्याच्या कंपनीने जे केलं नाही ते सासकेवाडीची कंपनी करणार आहे, चांगलंच आहे. पण त्यात पोलिसांचं काय काम? म्हणजे हे प्रकरण वेगळंच काहीतरी होतं.

आसाराम वीस हंगाम ऊसतोडीला जाऊन आलेला माणूस. एकदा परमुलखात एका फडावर पोलिस आले, आसाराम कोण म्हणून विचारू लागले, आणि हा सरळपणाने “मीच” म्हणाला. त्यांना हवा असलेला आसाराम दुसराच होता, हे कळेपर्यंत याला दीड दिवस ठाण्याच्या बाकड्यावर बसावं लागलं. तेव्हापासून त्याने मनाशी पक्कं केलं होतं, की पोलिस जे नाव विचारतील ते आपण कधी ऐकलेलं नसतं.

“चांगलं सांगा म्हनला व्हय? सांगतो चांगलंच,” असं म्हणत तो उठला आणि पायात चप्पल सरकवून बाहेर पडला.

खडकवस्ती तिसगावच्या पूर्वेला, अकरा घरांची. दिवस मावळायच्या आत अकराही घरं तयार झाली. कल्याणने काय केलं, असं कोणी विचारलंसुद्धा नाही. जाण्याआधी त्याने वस्तीतल्या निम्म्या घरांची लोखंडी फाटकं फुकटात जोडून दिली होती, तेवढं पुरेसं होतं. आसारामचा चुलतभाऊ बिभीषण तिसगाव ते पाथर्डी जीप चालवायचा. तो अनुभवी माणूस. तो म्हणाला, आपण सगळे नाही म्हणालो आणि सरपंचबाई हो म्हणाल्या तर घोटाळा होईल. म्हणून आसारामने सरपंच सत्यशीलाबाईंनाही फोन करून ठेवला.

खरा प्रकार फक्त एका माणसाला ठाऊक होता, आणि ती म्हणजे कल्याणची बायको पूजा. पण पूजा बचत गटाच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला नगरला गेली होती. तिला उगाच काळजी नको, म्हणून तिला कोणी कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथर्डी ठाण्याचे हवालदार गोरक्षनाथ जपकर मोटारसायकलवरून आले. भारदस्त, शांत माणूस. हातात टॅब, पाठीला सॅक. अशा चौकशा त्यांना त्या दिवशी सात होत्या आणि एकेकीला दहा मिनिटं लागतात असा त्यांचा अंदाज होता. पहिल्यांदा ते छबूबाईच्या किराणा दुकानापाशी थांबले आणि कल्याण गर्जे कुठं राहतात म्हणून विचारलं.

छबूबाईने बराच विचार केला. “कल्यान? ते ठेसन हाय ना, मुंबईकडं?”

हवालदार हसले. शेजारी उभ्या बिभीषणने खुलासा केला, की इथं गर्जे पुष्कळ आहेत, पण कल्याण नाही. पूर्वीही नव्हता. हवालदारांनी टॅबवरचा पत्ता पुन्हा वाचला आणि ते आसारामच्या दारात आले.

आपण आसाराम नाही, असं म्हणणं आसारामला जमण्यासारखं नव्हतं, कारण भिंतीवर त्याचं नाव रंगवलेलं होतं, तेही कल्याणनेच. ते त्याने कबूल केलं. मुलगा मात्र नाही, एकच लेक, ती शेवगावला दिली, असं सांगितलं. हवालदारांनी टॅबवरचा फोटो कडूबाईपुढे धरला.

कडूबाईने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. लेकाला समोर पाहून तिला दोन वर्षं झाली होती आणि फोटोत तो वाळलेला दिसत होता. हा फोटो कधीचा, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आसारामने घसा खाकरला.

“न्हाई बाई,” ती म्हणाली. “असलं नाक आमच्यात कुनाचं न्हाई.”

हवालदारांनी फोटोतल्या नाकाकडे पाहिलं, मग तिच्या नाकाकडे पाहिलं. ते काही बोलणार, एवढ्यात कल्याणची चार वर्षांची ईश्वरी आजीच्या पाठीमागून डोकावली आणि टॅबवर बोट टेकवून म्हणाली, “पप्पा.”

आसारामने तिला मागे ओढलं.

“ल्हान हाय, साहेब,” आसाराम म्हणाला. “मोबाईलमदी जो दिसंल त्याला पप्पा म्हनती.”

आणि हे तसं पाहिलं तर फारसं खोटं नव्हतं.

हवालदारांनी दोनदा सांगायचा प्रयत्न केला, की यात घाबरण्यासारखं काही नाही, साधी चौकशी आहे. दोन्ही वेळा पाचसहा माणसं एकदम बोलली. शेवटी ते ग्रामपंचायतीत गेले. सत्यशीलाबाईंनी शब्दाला जागून लेटरहेडवर लिहून दिलं, की सदर नावाचा इसम गावात राहत नसून यापूर्वीही कधी राहत नव्हता. शिक्काही मारला. हवालदारांनी टॅबवर तसं भरलं, बटण दाबलं आणि पुढच्या चौकशीला गेले.

संध्याकाळी पूजा बिभीषणच्या जीपने वस्तीवर उतरली. आपण हवालदाराला कसं वाटेला लावलं, ते बिभीषणने तिला तिसगावपासून इथपर्यंत रंगवून सांगितलं होतं. ती घरात आली, पिशवी खाली ठेवली आणि सासू-सासऱ्यांना समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. कल्याणचं वर्क परमिट पाच महिन्यांत संपत होतं. ते संपायच्या आत त्याला तिथे कायम राहायची परवानगी मिळणार होती. कंपनीची नव्हे, तिथल्या सरकारची. त्यासाठी गावाकडच्या पोलिसांचा दाखला लागत होता, माणूस सरळ आहे, त्याच्यावर गुन्हा नाही, असा. कागद द्यायला साठ दिवस होते, त्यातले तीस गेले होते. ती परवानगी मिळाली की पूजा आणि ईश्वरीही जाणार होत्या. तिचा व्हिसा एकदा फेटाळला होता, आता हाच रस्ता उरला होता.

“म्हंजी पोलिसांना एवढंच इचारायचं हुतं, हितला हाय का आन् बरा हाय का?” आसारामने विचारलं.

“व्हय.”

“आन् आपन काय म्हनलो?”

“जन्मलाच न्हाई म्हनलो,” कडूबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

कल्याणला फोन लावून पूजाने सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, तो हसण्याचा होता की दुसरा कशाचा, ते रेंजमुळे कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, की पुन्हा अर्ज टाकतो, पण या वेळी आण्णांना काही तयारी करू नका म्हणावं.

ताटं वाढता वाढता पूजाने सासऱ्याला एकच गोष्ट विचारली.

“मामा, आमी जाऊ नये आसं वाटतं का तुमाला?”

आसाराम “न्हाई” म्हणाला. पण ते म्हणायला त्याला थोडा उशीर लागला, आणि तो उशीर दोघांच्याही लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने तो पाथर्डीला गेला. ज्या जागेपासून जन्मभर लांब राहायचं ठरवलं होतं, तिथे तो स्वतःच्या पायाने आत शिरला. हवालदार जपकरांनी त्याला ओळखलं, खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्हाला मुलगा आहे.”

“हाय, साहेब.”

“मग तुम्ही काल खोटं बोललात, का आज बोलताय?”

“काल.”

“कशावरून?”

“मी बाप हाय त्याचा.”

“काल पण तुम्हीच होता,” हवालदार म्हणाले.

हवालदारांनी त्याला समजावून सांगितलं, की पोलिसाला खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे आणि कायद्याने बघायला गेलं तर अख्ख्या वस्तीला इथं आणून बसवावं लागेल, पण ठाण्यात तेवढी बाकडी नाहीत. पुन्हा चौकशी आली तर ते येतील. मात्र सरपंचांचं पत्र वर गेलं आहे. ते जोवर उभं आहे, तोवर माणूस नाही म्हणजे नाही. एक तर ते पत्र चुकीचं आहे असं सरपंचांनी लिहून द्यावं, नाहीतर ते विसरून जावं.

सत्यशीलाबाईंनी हे ऐकल्यावर कपाळाला हात लावला. सरपंच होऊन त्यांना सात महिने झाले होते. शिक्का मारून दिलेलं पत्र खोटं होतं, असं शिक्का मारून लिहून द्यायचं, म्हणजे विरोधकांच्या हातात आयतं कोलीत. आसाराम दोन दिवस त्यांच्या ओसरीवर जाऊन बसला. काही मागितलं नाही, रागावला नाही, नुसता बसला. तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाईंनी पत्राची प्रत काढली, चष्मा लावून ती सावकाश वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“आण्णा, मी काय लिहिलंय, बघा. गावात राहत न्हाई. गावात कधी राहत नव्हता.”

“तेच तर खोटं हाय ना, बाई.”

“खोटं कुठं हाय? तुमी गावात कुठं राहता? तुमी वस्तीवर राहता.”

आसाराम त्यांच्याकडे बघतच राहिला. सत्यशीलाबाईंनी नवीन कागद घेतला आणि लिहिलं, की मागील पत्रात नमूद केल्याप्रमाणे सदर इसम गावठाणात राहत नसून तो गावठाणाबाहेरील खडकवस्ती येथील कायमचा रहिवासी होता, तरी गैरसमज नसावा. शिक्का असा जोरात मारला, की टेबलावरचा पाण्याचा ग्लास हलला.

कल्याणचा नवा अर्ज खाली यायला सतरा दिवस लागले. हातात तेरा उरले, तेव्हा हवालदार जपकर पुन्हा वस्तीवर आले. आसारामने या वेळी खरोखरच कोणाला काही सांगितलं नव्हतं. पण वस्तीला आपल्या चुकीची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणसं हात सैल सोडतात.

छबूबाई म्हणाली, कल्याणने आयुष्यात चहाला शिवलं नाही. बिभीषण म्हणाला, त्याने विहिरीत पडलेली दोन माणसं काढली. कोणीतरी ती चार केली. एका म्हाताऱ्याने सांगितलं, की कल्याण शाळेत जाताना वाटेत दिसेल त्याच्या पाया पडायचा, त्यामुळे त्याला शाळेला रोज उशीर व्हायचा. हवालदार लिहायचे थांबले. त्यांनी टॅब मांडीवर ठेवला.

“मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, असा माणूसच नाही. आणि आज जे सांगताय, त्यावरून मलाही तसंच वाटायला लागलंय,” ते म्हणाले. “असा माणूस नसतो. त्याच्याबद्दल एक तरी वाईट गोष्ट सांगा. म्हणजे मी मानेन, की तो खरंच आहे.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. वाईट सांगावं तर दाखला अडकेल, न सांगावं तर माणूस नाही. पूजाने मान खाली घातली. आसारामने नुसता घसा खाकरला. आणि मग कोपऱ्यात बसलेली कडूबाई बोलली.

“येतो म्हनतो आन् येत न्हाई,” ती म्हणाली. “म्होरच्या म्हैन्यात येतो, दिवाळीला येतो, यात्रंला येतो. दोन वर्सं झाली. गेल्ता तवा बरनीभर लोनचं नेलं, ते संपलं का तेबी सांगत न्हाई. इचारलं तर म्हनतो, हाय अजून. एवढं कसं पुरंल, साहेब? खोटं बोलतो माज्याशी. नाक माजं हाय त्याला, पन बोलनं समदं बापाचं.”

एवढं सलग कडूबाई कधी बोललेली कोणी ऐकलं नव्हतं. हवालदारांनी तिच्या नाकाकडे एकदा पाहिलं आणि टॅब उचलला. वागणूक चांगली, पत्ता बरोबर, हरकत नाही. त्यांनी बटण दाबलं आणि आपण होऊन आणखी एक कप चहा मागितला.

दाखला मुदतीला चार दिवस राहिले असताना कल्याणच्या हातात पडला. पुढचे महिने कागद इकडून तिकडे फिरत राहिले, वैद्यकीय तपासण्या झाल्या, पूजाच्या नगरला चार चकरा झाल्या आणि एका सकाळी फोन आला, की मिळालं. तिघांचंही मिळालं. बिभीषणने जीपचा हॉर्न पाथर्डीपर्यंत वाजवत नेला. आसारामने पूजाला हाक मारली आणि सांगितलं, की मोठी बॅग घ्यायला आपण दोघं नगरला जाऊ. या वेळी ते म्हणायला त्याला उशीर लागला नाही. मग पाठ फिरवल्यावर त्याने काय केलं, ते फक्त कडूबाईला ठाऊक.

तिकिटं निघाली होती आणि बॅगेत मसाल्याचे डबे भरायचं काम चालू होतं, तेव्हा एका दिवशी संध्याकाळी पाच वाजायच्या सुमाराला हवालदार जपकर आले. अंगावर गणवेश नव्हता, साधा पांढरा शर्ट होता. त्या शर्टात ते बरेच लहान दिसत होते. ते बाजेवर बसले, पाणी प्यायले, पावसाचं विचारलं, कांद्याच्या भावाचं विचारलं. मग बिभीषण उठून गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, की एक खासगी काम आहे.

त्यांना समर्थ नावाचा मुलगा होता, एकच. आयटीआयला वेल्डर. खडकवस्तीच्या चौकशीची गंमत त्यांनी घरी जेवताना सांगितली होती, पुन्हा पुन्हा सांगितली होती. सगळे हसले होते. समर्थ मात्र न हसता कल्याणचा नंबर मिळवून मोकळा झाला. आता दोघांचं रोज बोलणं होतं आणि पोरगं सासकेवाडीला जायला निघालं आहे. त्याचे कागद झाले की पोलिस चौकशी लागणार, ती जपकरांच्या मूळ गावी होणार.

“तर मला एवढंच विचारायचं होतं,” हवालदार म्हणाले, “त्या वेळी तुम्ही अख्खी वस्ती तयार कशी केलीत? कोणाला काय सांगितलंत? कारण आमच्या गावात एक माणूस माझं ऐकेल तर शपथ.”

आसारामला क्षणभर आपण नीट ऐकलं की नाही, ते कळेना. मग कळलं, आणि त्याला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

“पोरगं जाऊ नये, आसं वाटतंय व्हय?”

“मला नाही हो,” हवालदार घाईने म्हणाले. “त्याच्या आईला. ती जेवत नाही धड. एकुलता एक आहे. तिच्यासाठी म्हणून विचारतोय.”

कडूबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली.

“काल तुमच्या मालकीनबाईंचा फोन आल्ता पूजाला,” ती म्हणाली. “तिकडं थंडीला पोराला कसला कोट लागतो, इचारत हुत्या. दोन घेऊ का तीन, म्हनल्या.”

हवालदार जपकरांनी शर्टाच्या बाहीची गुंडी काढली, पुन्हा लावली. पलीकडे ईश्वरी बॅगेत बसून बॅग बंद होते का ते बघत होती. आसाराम बाजेवर थोडा सरकला आणि त्यांच्या जवळ आला.

“साहेब, वस्ती तयार करनं अवघड न्हाई,” तो म्हणाला. “पन त्याचा उपेग न्हाई. तुमी दुसरं शिकून घ्या. आपल्या घड्याळातून साडेअकरा तास वजा करायचे. आता पाच वाजलेत ना? तिकडं सकाळचे साडेपाच. कल्यान आत्ता उठंल, पंधरा मिन्टात डबा भरताना फोन करंल. दुसऱ्या गावांत म्हनं थंडीला घड्याळ फिरवत्यात, आमच्या सासकेवाडीत न्हाई फिरवत. बारा म्हैने साडेअकराच.”

हवालदारांनी खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारलं, “साडेअकरा वजा, बरोबर ना?”

“वजा,” आसाराम म्हणाला.

त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.